मागे नेलेली तारीख

लसवाले म्हणजे काही दवाखान्यातले नव्हेत. उभ्या जन्मात त्यांनी माणसाला सुई लावली नाही. त्यांची लस कॉम्प्युटरसाठी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी खिशात पेनड्राइव्ह टाकून ते निघत आणि ज्या दुकानांत इंटरनेट नव्हतं, किंवा असून नसल्यासारखं होतं, तिथल्या अँटिव्हायरसमध्ये नवे अपडेट भरत. पेनड्राइव्हच्या आधी सीडी होत्या, आणि सीडीच्याही आधी तीन फ्लॉप्या, त्यातली तिसरी हमखास दगा द्यायची. बियाण्याच्या दुकानदाराने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की बायकोसुद्धा फोनवर "लसवाले बाहेर गेलेत" म्हणून सांगू लागली.

एके काळी त्यांच्या वहीत एकेचाळीस ठिकाणं होती. खरं तर अपडेट भरायला पाच मिनिटंही लागत नसत. वेळ खायची ती नंतरची तपासणी. पडद्यावर फायलींची नावं भराभर पळत, खालची पट्टी मात्र मुंगीच्या पावलांनी सरके, आणि तेवढा पाऊण तास लसवाले आणि मालक शेजारीशेजारी बसून राहत. करणार काय? बोलणंच. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचं भावाशी फाटलंय, हे त्यांना पट्टी साठ टक्क्यांवर असताना कळलं. छापखानेवाल्याने मुलीला नोकरी लागल्याची बातमी सख्ख्या मेहुण्याच्या आधी त्यांच्या कानावर घातली. लोक त्या पट्टीला शिव्या घालत. लसवाल्यांना विचाराल तर ती अजून हळू चालली असती तरी त्यांची हरकत नव्हती.

पुढे कॉम्प्युटर शहाणे झाले. मालक झोपलेला असताना आपली लस आपणच टोचून घेऊ लागले. एकेचाळीसचे वीस झाले, विसाचे सात, आणि शेवटी एकच ठिकाण उरलं, चष्मेवाल्या बाईंचं.

बाईंच्या दुकानात पुढे फ्रेमांचं कपाट, पडद्याआड डोळे तपासायची खुर्ची आणि कोपऱ्यात तो जुनाट कॉम्प्युटर. काच कापायच्या मशीनचं दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरशी जमत नसे, म्हणून बाईंनी तो सांभाळला होता. बाई मोजकं बोलणाऱ्या. दर महिन्याला एकच प्रश्न विचारत, "हिरवं आहे ना?" कोपऱ्यातली खूण हिरवी असली म्हणजे सगळं ठीक, एवढंच त्यांना ठाऊक होतं. लसवाले "हिरवं आहे" म्हणाले की त्या निर्धास्तपणे कामाला लागत.

आणि एके दिवशी अँटिव्हायरसच्या कंपनीचं पत्र आलं. या जुन्या आवृत्तीला यापुढे अपडेट मिळणार नाहीत, ग्राहकांनी नवी आवृत्ती घ्यावी. नवी आवृत्ती त्या जुनाट कॉम्प्युटरवर चालणं शक्यच नव्हतं. पुढच्या पहिल्या शनिवारी पेनड्राइव्हमध्ये नवं काही नसताना लसवाले तरीही बाहेर पडले. बायकोने कुठे म्हणून विचारलं, तर "जाऊन येतो" एवढंच म्हणाले.

दुकानात खूण लाल झाली होती. बाई पुढे फ्रेमा पुसत होत्या. खरं सांगितलं तर बाई नवा कॉम्प्युटर आणि नवं मशीन घेणार, आणि हेही दार बंद होणार. या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असलेली पण कुणीच कबूल न करणारी एक युक्ती आहे. कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायची, की अँटिव्हायरस फसतो. महिनाभर मागे नेलं असतं तरी काम झालं असतं. पण वर्षाच्या बाणावर बोट पडलं आणि ते तिथून उठेना. एक वर्ष मागे, दोन, तीन. छापखाना उघडला, बियाण्याचं दुकान उघडलं, ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात स्कूटर उभी राहिली. नऊ वर्षं मागे गेल्यावर वहीत एकेचाळीस ठिकाणं झाली आणि लसवाले थांबले. खूण हिरवी झाली होती.

"हिरवं आहे ना?" बाईंनी पलीकडून विचारलं.

"हिरवं आहे," लसवाले म्हणाले. मग त्यांनी तपासणी सुरू केली आणि स्टुलावर बसले. त्यांना तो पाऊण तास हवा होता.

पट्टी निम्म्यावर असताना एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचा हा पहिलाच चष्मा. चष्मेवाल्या बाईंनी डोळे तपासले, नंबर काढला आणि कॉम्प्युटरवर माहिती भरायला घेतली. जन्मतारीख चुकीची आहे, असं उत्तर आलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. त्यांनी आईला नीट आठवून सांगायला सांगितलं. आई गोंधळली, मग जरा चिडली आणि पर्समधून शाळेचं ओळखपत्र काढून दाखवू लागली. मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, मी चुकीची आहे?"

लसवाले उठून उभे राहिले. गप्प बसणं सोपं होतं, पण त्या प्रश्नापुढे त्यांना ते जमेना.

"नाही बाळ, तू अगदी बरोबर आहेस," ते म्हणाले. "बाई, तारीख मी मागे नेलीय. नऊ वर्षं. याच्या हिशेबाने ती अजून जन्मलेलीच नाही."

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "कशासाठी?"

"हिरवं दिसावं म्हणून. कंपनीने हात वर केलेत, आता याला लस मिळायची नाही. हे सांगितलं असतं तर तुम्ही नवा घेतला असता. मग मी जाणार कुठे?"

त्यांनी तारीख जागेवर आणली. खूण लाल झाली आणि मुलीची माहिती एका झटक्यात आत गेली. मायलेकी गेल्यावर त्यांनी इंटरनेटची वायर काढून ठेवली. नवा येईपर्यंत ती लावू नका, कुणाचा पेनड्राइव्हही घालू नका, असं बजावलं. बाई ऐकून घेत होत्या. रागावल्या असत्या तर लसवाल्यांना बरं वाटलं असतं. ते पिशवी उचलून निघाले.

"खुर्चीत बसा," बाई म्हणाल्या.

"मी?"

"मघाशी कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसला होतात. इतकी वर्षं येताय, डोळे कधी दाखवलेत का?"

लसवाले पिशवी खाली ठेवून बसले. अक्षरं वाचली, दोनदा चुकले. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. मग बाई कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि तिथेच अडल्या. भरायचं काय, तर नाव, आणि ते त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं, लसवाल्यांनी सांगितलं. जन्मतारीखही सांगितली, ती कॉम्प्युटरने निमूट घेतली. फ्रेम ठरली, बाईंनी कार्ड छापून त्यांच्या हातात दिलं.

"खालची ओळ बघा. चुकवायचं नाही."

लसवाल्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं. पुढची तपासणी, बरोबर एक वर्षाने. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना पुढची तारीख दिली होती.