काकांनी गुन्हा कबूल केला

परवा कोर्टात काकांनी माझी चांगलीच पंचाईत केली.

मी इंदूरला वकिली करते. काका म्हणजे बाबांचे जुने मित्र, छत्रीबागेत राहणारे, रिटायर्ड शिक्षक. गेल्या वर्षी मानपूरजवळ एक बाइकवाला राँग साइडने येऊन त्यांच्या कारवर आदळला. त्याचा पाय मोडला... आणि केस झाली काकांवर. मोठी गाडी ज्याची, दोष त्याचा, असा आपल्याकडे रिवाजच आहे.

तशी केस सोपी होती. काका हळू चालवत होते, आपल्या साइडला होते, साक्षीदारही होता. मी त्यांना बजावून ठेवलं होतं, मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं की फक्त ‘नाही’ म्हणायचं, बाकी मी बघते.

मॅडमनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "अपराध स्वीकार है?"

काका ताठ उभे राहून म्हणाले, "जी, स्वीकार है."

हे कागदावर गेलं असतं तर तिथेच शिक्षा... आणि काही न करता माणसाच्या नावावर कायमचा गुन्हा. मी बोलायला उठले, तर मॅडमनी हातानेच थांबवलं.

"आप राँग साइड थे?" नाही. "तेज़ चला रहे थे?" नाही. "तो फिर क्या स्वीकार है?"

काका म्हणाले, "मैडम, टकराने से पहले उसने मेरी तरफ देखा था. मैं गाड़ी रोक नहीं पाया."

"इसकी कोई धारा नहीं है," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ‘इनकार’ लिहून घेतलं. त्या चिडल्या नाहीत, हे मला आवडलं.

बाहेर आल्यावर मी मात्र काकांवर भडकलेच.

"अगं, तो मागे बेंचवर बसला होता," काका म्हणाले. "त्याच्यादेखत कसं म्हणू, माझं काहीच चुकलं नाही? मेरे से नहीं होता, बेटा."

तेवढ्यात तो बाइकवालाच लंगडत आमच्याकडे आला. "सरजी, राँग साइड तो मैं था. आपने हाँ क्यों बोल दिया? मेरे को तो बैठे-बैठे पसीना आ गया." मग खाली बघत म्हणाला, "पर गवाही में ये नहीं बोल पाऊँगा. क्लेम अटक जाएगा... पैर टूटा तब से काम बंद है."

"मत बोलना," काका लगेच म्हणाले. "पैर कैसा है, वो बताओ."

आणि आरोपी अन् जखमी दोघं पायऱ्यांवर बसून पायातल्या रॉडबद्दल बोलत राहिले. मी बाजूला फाइल घेऊन उभी.

गंमत बघा... कायद्याने ज्याचा दोष नाही तो कबूल करून मोकळा. ज्याचा आहे तो बाहेर सांगतो, आत सांगू शकत नाही. वाईट दोघांनाही मनापासून वाटतंय आणि केसला त्याचा काडीचा उपयोग नाही.

घरी सोडताना काका म्हणाले, "उलटतपासणीत त्याला साइडचं विचारू नकोस हं. होऊ दे मला सजा."

मी म्हटलं, काका, विचारावंच लागेल. ते फाटक लावून आत गेले.

पुढच्या तारखेला तो माणूस साक्षीला उभा राहील आणि मी तो प्रश्न विचारीन. तो बहुधा खोटं बोलेल, मी ते खोडून काढीन, आणि काका सुटतील. यात माझं काही चुकलं असं कायद्याचं कुठलंही पुस्तक म्हणणार नाही.

तरी परवापासून मला अपराधी वाटतंय... आणि अजून तर मी काही केलेलंही नाही.