नानांचं टेंडर आणि अक्कांच्या बिबड्या

नानांनी तिन्ही पाकिटं टीपॉयवर एका रेषेत लावली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फायनान्शियल बिड उघडतो आहे. सगळ्यांनी सील तपासून घ्या."

आम्ही तीन एजंट सोफ्यावर दाटीवाटीने बसलो होतो. उजवीकडे जगनभाऊ, जळगावच्या प्रॉपर्टी मार्केटमधला जुना माणूस. दोन फोन आणि एक कायमचं हसू. डावीकडे टॅब मांडीवर घेतलेला एक मुलगा, ज्याच्या ऑफिसला सगळीकडून काच आहे. मधे मी. सील तपासायला उठले ती फक्त मीच. बाकी दोघांना तो विनोद वाटला होता.

नाना दीपनगरच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेले. नोकरीत बेअरिंगपासून झाडूपर्यंत सगळं टेंडरने घेतलेलं, त्यामुळे मेहरूणमधलं राहतं घर विकायला एजंटही टेंडरनेच नेमायचा, हे त्यांच्या दृष्टीने साहजिक होतं. त्यांना दोष देता येत नाही. त्याआधी त्यांनी आपल्याकडची नेहमीची पद्धत करून पाहिली होती: दिसेल त्या एजंटला घर सांगायचं आणि जो गिऱ्हाईक आणेल त्याला कमिशन द्यायचं. परिणाम फाटकावर लटकत होता. पाच बोर्ड, पाच नंबर. प्रत्येक नंबरवर घराचा भाव वेगळा. घेणारा दोन ठिकाणी फोन करतो, दोन भाव ऐकतो आणि ठरवतो की या घरात काहीतरी गडबड आहे. गल्लीत तर कोणीतरी वास्तुदोषाचंही बोलून गेलं होतं.

अडचण खरी होती ती अक्कांची, म्हणजे नानांच्या बायकोची. त्यांची एकुलती एक मुलगी धुळ्याला. तिला जुळं होणार होतं आणि डॉक्टरांनी आराम सांगितला होता. अक्कांना बाळंतपणाआधी तिच्याजवळ पोहोचायचं होतं. पण नाना म्हणत, घराचा निकाल लागल्याशिवाय कुलूप लावून जाणार नाही. आणि नानांना सोडून अक्का जाणार नव्हत्या, कारण नानांना गॅस पेटवता येत नाही. बॉयलर मात्र येतो.

पाकिटं उघडली. प्रत्येकाने आपल्या मते घराला मिळेल तो भाव लिहायचा होता. जगनभाऊंचा आकडा ऐकून नाना ताठ बसले. टॅबवाल्याचा त्याच्या जरा खाली. माझा वाचल्यावर त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. उरलेलं तिथे असेल असं त्यांना वाटलं असावं.

"एवढाच?"

"हो, नाना."

"पोरी, हे घर आहे. स्क्रॅपचा लिलाव नाही."

जगनभाऊ मनापासून हसले. "नाना, इंग्लिश मीडियमच्या पोरी आहेत. यांना व्हॅल्युएशन माहीत असतं, मार्केट नाही."

मला अशा वेळी उत्तर सुचतं, पण घरी गेल्यावर. आमचे भाऊ, म्हणजे माझे बॉस, नेहमी म्हणतात, "तुझं लिहिणं चांगलं आहे, तोंड उघडलंस तर पगार वाढवीन." त्या दिवशी मी तोंड उघडलं, पण माझा प्रश्न नानांना नव्हता.

"अक्का, तुम्हाला धुळ्याला कधीपर्यंत जायचंय?"

दारात उभ्या असलेल्या अक्कांनी हातातला ट्रे खाली ठेवला. "अव माय, हे तर कोणी इचारलंच नाही. चैत्र संपायच्या आत."

"मग त्या मुदतीत या भावाला घर जाईल, म्हणून एवढा लिहिलाय. परवा या गल्लीत जे घर गेलं, ते साधारण याच भावाला गेलं." इथे माझा आवाज बारीक झाला, पण वाक्य पूर्ण झालं. "जास्त लिहिता आलं असतं. मग महिन्याभराने तुम्हाला फोन करून भाव पाडायला सांगावं लागलं असतं."

आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. मोठा आकडा सांगायचा, मालक खूश, घर आपल्या हातात. मग गिऱ्हाईक येत नाही आणि मालक थकून स्वतःच खाली येतो. जगनभाऊ पंख्याकडे बघायला लागले.

"हायेस्ट बिडरला काम देणं हा नियम आहे," नाना म्हणाले.

"नियम तुमचा," अक्का म्हणाल्या, "पण घर माह्या नावावर आहे. सही माही लागीन. ह्या पोरीले द्या."

नानांनी तिन्ही पाकिटं पुन्हा एका रेषेत लावली. मग माझ्या पाकिटावर लाल पेनने 'मंजूर' लिहिलं. शेवटी निर्णय कागदावर यायला हवा होता.

आम्ही एक्सक्लूझिव्ह घेतलं, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत एकच एजंट, एकच भाव, एकच बोर्ड. पाचही बोर्ड उतरवले. नानांनी त्यांच्या तारा सोडवून, सरळ करून ठेवून दिल्या. मी फोटो काढले, जाहिरात लिहिली. काही दिवसांत एका बँक ऑफिसरचा फोन आला. धुळ्याहून बदली झाली होती. नवरा-बायको रविवारी सकाळी घर बघायला येणार होते. फोनवर ते हळूच म्हणाले, "मॅडम, मला सगळीच घरं आवडतात. मिसेसना एकही आवडत नाही."

मी अक्कांना फोनवर सूचना दिल्या. घर मोकळं हवं. पसारा नको, पाहुणे नकोत, शांतता हवी. ट्रेनिंगमध्ये आम्हाला असंच शिकवलं होतं. अक्का "हो हो" म्हणाल्या.

रविवारी फाटक उघडलं तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता.

जिन्यावरून बायकांचे आवाज येत होते. मी धावत वर गेले. गच्चीभर जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर ज्वारीच्या बिबड्यांच्या, म्हणजे पातळ पापडांच्या, रांगा वाळत होत्या. गल्लीतल्या सात-आठ जणी ओल्या कापडांवर बिबड्या थापत होत्या. कोपऱ्यात नाना, डोक्याला टॉवेल, हातात काठी, कावळ्यांवर पहारा देत होते.

"अक्का! आपलं काय ठरलं होतं?"

"मंग काय करू? तुह्या फोनच्या आधीच ज्वारी भिजू घातली होती. भिजेल ज्वारी थांबते का? लेकीकडे न्यायला नको?" त्यांनी माझ्या हातात वाटी दिली. "घाटा खाय आधी."

घाटा म्हणजे थापायच्या आधीचं ते शिजलेलं गरम पीठ. त्यावर कच्चं तेल टाकून खातात. मी वाटी हातात धरूनच खाली गेले, कारण गिऱ्हाईक आलं होतं.

साहेबांनी खोल्या पाहिल्या, कार्पेट एरिया विचारला, प्रत्येक नळ सोडून पाहिला. त्यांच्या मिसेस काही बोलल्या नाहीत. हॉल पाहिला, गप्प. किचन पाहिलं, गप्प. गप्प माणसं मला कळतात. त्या घर बघतच नव्हत्या, वरच्या आवाजांकडे त्यांचा कान होता. जिन्यापाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "वर काय चालू शे?"

त्यांना गच्चीवर न्यायचं नाही, असा माझा बेत होता. तो तिथेच सोडून दिला.

वर जाऊन त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग पर्स माझ्याकडे दिली, बाह्या वर केल्या आणि खाली बसल्या. "बठ्ठ्या बाया आठेच येतस का?" सगळ्या जणी याच गच्चीवर जमतात का, असं त्या विचारत होत्या.

"दरवर्षी," शेजारच्या शोभाताई म्हणाल्या. "ह्या गच्चीले सावलीच नाही. तुम्ही पातळ थापता हो! कुठल्या?"

"धुयानी." म्हणजे धुळ्याची.

पुढची मुलाखत गल्लीने घेतली आणि गल्लीनेच दिली. पाणी कधी येतं, दूधवाला कसा आहे, दुपारी घरी कोण असतं. आणि मग शोभाताई सहज म्हणाल्या, "पावसाळ्यात मागच्या खोलीले ओल येते बरं का."

नानांची काठी हवेत थांबली. मी डोळे मिटले. ते मी शेवटी, नीट शब्द जुळवून सांगणार होते.

धुळ्याच्या ताईंनी मान वर केली नाही. "आमना धुयाना घरमाबी येस," म्हणाल्या आणि पुढची बिबडी घेतली.

साहेब माझ्याजवळ आले. "मॅडम, टोकन आजच घेता का? तिला इतकं बोलताना मी बदली झाल्यापासून ऐकलं नाही."

व्यवहार मी लिहिलेल्या भावाच्या अगदी जवळ झाला. टॅबवाल्याचा आकडा निदान गाठू या, असा प्रयत्न नानांनी केला, पण अक्कांनी त्यांना कावळे हाकायला पाठवलं. अट एकच घातली, तीही अक्कांनी: दर उन्हाळ्यात एक दिवस ही गच्ची त्यांची. नानांना ते अॅग्रीमेंटमध्ये क्लॉज म्हणून हवं होतं. वकिलांनी नकार दिला. धुळ्याच्या ताई म्हणाल्या, "कागद कशाले? मी ज्वारी भिजाडी ठेवसू."

चैत्र संपायच्या आत अक्का धुळ्याला पोहोचल्या, दोन डबे बिबड्या घेऊन. जुळं त्यानंतर आलं. दोन्ही मुली. नानांनी फोनवर कळवलं, "डिलिव्हरी शेड्यूलप्रमाणे."

मला लोक विचारतात, घर विकायला एजंट कसा निवडावा. तो किती मोठा आकडा सांगतो यावर जाऊ नका. तुम्हाला काय विचारतो ते बघा. मीही त्यात अर्धवटच होते. कधी जायचं ते विचारलं, रविवारी काय आहे ते विचारलं नाही. आता घर दाखवायची तारीख ठरवण्याआधी मी प्रत्येक मालकिणीला एक प्रश्न विचारते. ज्वारी भिजत घातली आहे का?

हो म्हणाली, तर बिबड्या थापायच्या दिवसाचीच तारीख पक्की करते.