संतोषच्या स्क्रिप्टची लावणी

आमच्या ऑफिसात काम किती होतं ते साहेबांना विचारा, पण किस्से मात्र रोज होतात! माण गावात तात्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन आम्ही चौघं बसतो. साहेब, पुण्याहून येणारी मधुरा, रिहे गावचा संतोष आणि मी. उरवडे गावातल्या एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम आमच्याकडे आहे. त्यांच्यासाठी संतोषने एक स्क्रिप्ट लिहिली. ती चालवली की आख्खी सिस्टीम नव्याने बांधली जाते आणि चालू होते.

संतोष अजून प्रोबेशनवर. साहेबांनी सांगून ठेवलेलं, "उरवड्याचं काम नीट झालं तर कायम, नाहीतर रामराम!" त्यामुळे तो जीव तोडून काम करायचा आणि आम्ही जीव तोडून त्याची टिंगल.

* * *

संतोषच्या घरची भातशेती. त्याने सिस्टीम बांधण्याला 'चिखलणी' म्हटलं आणि चालू करण्याला 'लावणी'. कारखान्याच्या मोठ्या साहेबांबरोबर ऑनलाइन मीटिंग चालू असताना स्क्रीनवर आलं, "लावणी सुरू व्हतीय. वाईच थांबा."

मोठे साहेब चष्मा सावरत म्हणाले, "कार्यक्रम मीटिंगनंतर ठेवा की, म्हणजे आम्हालाही बघता येईल!"

"बघा की सर," संतोष गंभीरपणे म्हणाला, "पन गुडघाभर चिखलात उभं ऱ्हावं लागंल."

* * *

स्क्रिप्टमध्ये 'टेस्ट' असा एक पर्याय आहे. त्यात नवी सिस्टीम चालते, पण मशीन बंद करून पुन्हा लावलं की जुनीच परत येते. साहेबांनी हौसेने स्वतः टेस्ट चालवली, ती चालली म्हणून पेढे वाटले, आणि वीज वाचवायला मशीन बंद करून घरी गेले.

सकाळी बघतात तर नवीन काहीच नाही! "अरे, काल तर चालत होतं!"

"सर, काल नुसता बघायचा कार्यक्रम झाला," संतोष म्हणाला. "लगीन कुटं लावलं तुमी?"

* * *

प्रत्येक नव्या सिस्टीमला संतोष 'पिढी' म्हणतो. नवी बिघडली तर आधीच्या पिढीवर परत जाता येतं. एकदा तात्या टाकीचा कॉक बघायला वर आले, तेव्हा संतोष ओरडत होता, "नवी पिढी काय कामाची न्हाई! मागच्या पिढीवर जातो!"

तात्या जागीच थबकले. "कवाधरनं ह्येच सांगतोय मी," ते म्हणाले, "पन घरात कोन ऐकतंय!"

* * *

काही चुकलं की स्क्रिप्ट सांगायची, "बोंबललं!" मधुराला ते सहन होईना. तिने एक दिवस बसून सगळे मेसेज शुद्ध मराठीत आणले. आता स्क्रीनवर यायचं, "प्रक्रिया पूर्णत्वास जाऊ शकली नाही."

साहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे बोंबललंच ना?"

* * *

आणि मग उरवड्याचा दिवस आला. कारखान्यात संतोष सगळ्या वायरी तिसऱ्यांदा तपासत होता. मलाही त्याची फार काळजी वाटत होती. बांधणी नीट पार पडली आणि स्क्रीनवर प्रश्न आला, "नवी सिस्टीम सुरू करू का?"

उत्तर द्यायचा मान कारखान्याच्या फोरमन आण्णांचा. त्यांनी एका बोटाने टाईप केलं, "व्हय."

"उत्तर समजले नाही."

आण्णांनी पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा तेच उत्तर! साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आण्णा, 'हो' लिहा," मधुरा हळूच म्हणाली.

"आवो ताई, मी व्हयच म्हनतोय की! ह्याला मराठी येत न्हाई का?"

सगळ्यांनी संतोषकडे पाहिलं. "चुकलं आण्णा माझं," तो म्हणाला. मेसेज शुद्ध करताना मधुराने त्याच्या 'व्हय'चंही 'हो' केलं होतं, त्याबद्दल चकार शब्द नाही.

मधुरा लाल झाली. तिने कीबोर्ड पुढे ओढला, स्क्रिप्टमध्ये काहीतरी लिहिलं आणि बाजूला झाली. आण्णांनी परत "व्हय" लिहिलं आणि सिस्टीम सुरू झाली!

परतताना संतोष मोटारसायकलवर पुढे गेला. गाडीत साहेबांनी विचारलं, "काय मधुरा, करायचं का संतोषला कायम?"

मधुरा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "व्हय."