पुसलेले पाच भाग

आमच्या बिल्डिंगचा जिना दुपारी उतरताना गोंदाचा वास येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बायका दार उघडं टाकून, मांडीवर साड्या पसरून टिकल्या चिकटवत बसलेल्या असतात. सुरतेच्या उधन्यात राहणाऱ्या माणसाने वासांच्या तक्रारी करायच्या नसतात. पांडेसऱ्याकडून वारा आला की रंगाच्या मिलचा जो भपकारा येतो, त्याचंही मला आता काही वाटत नाही. पण हा गोड, कुबट, बोटांना चिकटून राहणारा गोंद मात्र मला सोसत नाही. नाकावर पदर धरून मी झपाझप उतरते. त्या बायकांना वाटतं, मास्तरीण फार नाजूक. वाटू दे बापड्यांना. खरं सांगायचं तर त्या वासात माझी काकू बसलेली असते, आणि तिच्यासमोर उभं राहायचं माझं तोंड नाही.

बारावीनंतर मी अमळनेरकडच्या आमच्या खेड्यातून शिकायला सुरतेत आले आणि काका-काकूंच्या पांडेसऱ्यातल्या दीड खोलीत राहू लागले. काका मिलमध्ये रंग मिसळायचे. बारा तासांची पाळी, आणि सुट्टी रविवारी नाही, तर त्या भागातली वीज ज्या वारी बंद ठेवत त्या वारी. काकू घरी टिकल्यांचं काम करायची. अशा घरात व्हीसीआर होता, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. मिलच्या शेठने नवा घेतला तेव्हा जुना काकांनी मागून आणला होता. तोही पिक्चरसाठी नव्हे. रविवारी सकाळी सरकारी वाहिनीवर एक मालिका लागायची. दूरच्या ताऱ्याकडे निघालेलं यान, त्यातली दहाबारा माणसं, आणि पृथ्वीवर निरोप पाठवला तर तो पोचायला वर्ष वर्ष लागायचं. काकांचा जीव त्या मालिकेवर जडला होता. ते स्वतः खेड्यात पत्र टाकायचे, आणि ‘आईला ताप आहे’ हे उत्तर हातात पडेपर्यंत आजीचा ताप उतरून ती शेतात गेलेली असायची. त्या यानातल्या माणसांचं दुःख त्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

रविवारी ते कामावर असत, म्हणून रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं काम माझ्याकडे होतं. कॅसेट भरली की काका तिच्या कडेचा प्लास्टिकचा इवलासा दात स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकत. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. मग कापडाच्या ताग्यावर लावतात तसली चिठ्ठी तिच्यावर डकवून त्यावर भागांचे आकडे घालत आणि पेटीत ठेवत. देवाच्या पोथ्याही आमच्याकडे इतक्या नीट ठेवलेल्या नव्हत्या.

आणि मी काय केलं? एका दुपारी टीव्हीवर एक पिक्चर लागणार होता. त्यातली गाणी माझ्या मैत्रिणींच्या तोंडी होती. घरात कोरी कॅसेट नव्हती. काका कामावर, काकू तयार साड्या शेठच्या दुकानी पोचवायला गेलेली. दात मोडल्याच्या खळग्यावर चिकटपट्टी लावली की रेकॉर्डिंग होतं, हे मला मैत्रिणीकडून कळलं होतं. काकूच्या कामाच्या पाटावर पट्टीचं रीळ पडलं होतं. मी तुकडा तोडला, लावला आणि बटण दाबलं. काकांच्या पेटीतल्या एका कॅसेटवर नायक-नायिका अडीच तास बागडत राहिले. कॅसेट होती तीन तासांची, सहा भागांची. पाच भाग गेले. इतक्या कॅसेटींत एक कोण बघतंय, असं मला वाटलं होतं.

दोन महिन्यांनी, वीज असलेल्या एका सुट्टीच्या दिवशी, काकांनी नेमकी तीच लावली. पहिलंच गाणं सुरू झालं आणि ते उठून टीव्हीपाशी गेले. मला वाटलं, आता मी बोलेन. त्याआधीच काकू म्हणाली, “मनाच हात लागना व्हई. परवा धूळ पुसताना कोनतं तरी बटन दाबाई गयं.” ती मला वाचवत नव्हती. तिला अक्षरओळख नव्हती, त्या यंत्राची तिला आधीपासूनच धास्ती होती, आणि घरात काही बिघडलं की ते आपल्याच हातून, हे ती धरूनच चालायची. तिला ते खरंच वाटलं, आणि या कॅसेटचा दात मोडायचा राहिला असेल असं काकांनी धरलं. मी गप्प बसले.

काका काही वाईट माणूस नाही. महिनाभर घुश्शात राहिले, मग त्यांनी त्याचा विनोद करून टाकला. दरवर्षी कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद जमायचे, रोटाचं जेवण व्हायचं, आणि काका सुरू करायचे, “तुनी काकूनी मना आकाशना लोके पुसी टाकात!” सगळे हसायचे. काकूही पदर तोंडाशी धरून हसायची. हसणाऱ्यांत मीही होते. एक वर्ष नाही, तीस वर्षं. पुढे माझं लग्न झालं, मी शाळेत लागले. काकूने मला आपणहून कधी फोन केला नाही. मीच करायचे, आणि तिकडून कोणीतरी उचलून तिच्या हातात द्यायचं. मनात मी ते टिपून ठेवलं होतं. पोटच्या पोरीसारखी राहिले, तरी साधी विचारपूस नाही! दोन वर्षांपूर्वी ती गेली. दवाखान्यात चार दिवस तिच्या उशाशी होते. सांगायचं ठरवून गेले आणि दरवेळी मोसंबी सोलून परत आले.

यंदा भाचीने मोबाइलवर एक मजकूर पाठवला. त्या मालिकेच्या मूळ फिती वाहिनीच्या कार्यालयातल्या लोकांनी पुसून पुन्हा वापरल्या म्हणे. बरेच भाग कुठेच उरले नाहीत, कोणाच्या घरी असल्यास कळवा. वाचून मला त्या लोकांचा संताप आला. काय निर्दय माणसं! आणि मग माझी मलाच लाज वाटली.

काका आता भेस्तानला मुलाकडे असतात. आम्ही दोघं पेटी घेऊन जुन्या कॅसेटींच्या नकला काढून देणाऱ्या दुकानात गेलो. हरवलेल्या भागांपैकी सात भाग काकांच्या पेटीत निघाले. दुकानदाराने त्या मजकुरातल्या नंबरावर फोन लावून दिला, तर पलीकडची, हे भाग शोधणारी तरुण पोरं आनंदाने ओरडत होती. काकांना धड बोलता येईना, नुसतं “हो, हो” चाललं होतं. मग ती कॅसेट हातात आली. काका हसून म्हणाले, “ही तुनी काकूनी पुसेल.” दुकानदाराने ती उलटीपालटी केली आणि म्हणाला, “काका, ये गलती से नहीं हुआ. किसी ने पट्टी चिपकाई है.” त्याने नखाने पट्टी सोलली. आतल्या बाजूला वाळलेल्या गोंदात एक केशरी टिकली अडकली होती.

काकांनी ती टिकली ओळखली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. “म्हंजे तिनी मुद्दाम करं?” ते अगदी हळू म्हणाले.

एवढ्या वर्षांत गप्प राहणं इतकं सोपं कधीच नव्हतं. पुरावा समोर होता आणि जिच्यावर आळ येत होता ती बोलायला नव्हती. आजवर तिच्या माथी चूक होती, आता मी तिच्या माथी कपट मारणार होते.

“ती पट्टी मी लाई व्हती, काका. काकूनी नही.”

दुकानदार उगाचच वायरी गुंडाळू लागला. काकांनी ती टिकली बोटावर टिपून घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, “माले सांगीसन काय फायदा, बेटा? तिले सांगाले जोयजे व्हतं.”

कॅसेट लावून पाहिली. पिक्चर संपला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मग शेवटचा, सहावा भाग आपोआप सुरू झाला. तोही कुठेच उरलेला नव्हता. काका डोळे मिटून नुसतं ऐकत होते.

त्यांना घरी सोडलं तेव्हा त्यांनी कपाटातून काकूचा मोबाइल काढून माझ्यासमोर ठेवला. मुलाने तिला घेऊन दिलेला, बटणांचा. पडद्यावरचा कंपनीचा प्लास्टिक कागदही निघालेला नव्हता. “पोऱ्यानी सोपं करी देयेल व्हतं,” काका म्हणाले. “दोनचं बटन दाबी धरं का तुलेच लागे. हातमा लिसन बठे, पन दाबे नही. म्हने, मनं बोट लागनं का काहीतरी पुसाई जास.”

आठ भाग आता कोणकोणाच्या मोबाइलवर फिरताहेत. पाच कायमचे गेले. तो फोन काकांनी मला दिला. तो मी चार्ज करून ठेवते. दोनचं बटण एकदा दाबून पाहावं असं फार वाटतं, आणि हात पुढे होत नाही.