एकशे पासष्टवर तीन दिवस

यंत्रावर दिसणारा आकडा खरा की खोटा, हे तपासणं माझं काम. मस्कतमधल्या एका वर्कशॉपमध्ये मी बेकऱ्यांचे ओव्हन आणि दवाखान्यांचे फ्रीज तपासतो आणि पास झाले की हिरवं स्टिकर लावतो. अठरा वर्षं हेच चाललंय. त्यामुळे कॅनडातल्या माझ्या ताईने फोनवर "हे यंत्र किती डिग्रीवर ठेवू रे?" असं विचारलं, तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी आधी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघितलं.

कारण यंत्र गांजाचं होतं. जाळायचा नाही, नुसता तापवून त्याची वाफ घ्यायची. केमो सुरू झाल्यापासून ताईच्या पोटात घोटभर पाणी ठरत नव्हतं. गोळ्यांचा उपयोग होईना, म्हणून तिच्या डॉक्टरांनीच हे सुचवलं होतं. तिकडे ते रीतसर दुकानात मिळतं, वर बिलही देतात. इथे ओमानमध्ये मी तो शब्द मनातसुद्धा हळू उच्चारतो.

मस्कतच्या दार्सैत भागातल्या आमच्या बिल्डिंगीत शेजारच्यांच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळतं. म्हणून मी खाली येऊन गाडीत बसलो आणि काचा बंद केल्या. एसीच्या आवाजात नीट ऐकू येईना, तर तोही बंद केला. शर्ट पाठीला चिकटला.

"ताई, हळू बोल. आणि तो शब्द नको."

"कुठला? गांजा?" ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "अरे, इथे माझ्याहून म्हाताऱ्या बायका लाइनीत उभ्या असतात."

तिने माहितीपत्रकाचा फोटो पाठवला. एकशे साठपासून दोनशे वीसपर्यंत पट्टी होती. खालच्या टोकाला वाफ जेमतेम, वरच्या टोकाला जोर जास्त आणि घशाला त्रास. मी तो फोटो वाचला, घाबरून डिलीट केला, मग पुन्हा मागवला. असं तीनदा झालं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. तपासणी खालच्या आकड्यापासून सुरू करायची, प्रत्येक पायरीवर थांबायचं, काटा स्थिर झाला की मगच वर चढायचं. मी तीच तिला लावली. "एकशे पासष्ट. तीन दिवस तिथेच ठेव. मग बघू."

"बरं," ताई म्हणाली.

माझ्याशी वाद न घालता तिने आयुष्यात काही मान्य केलेलं नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, "वाफ काही दिसत नाही बाबा. पण ठीक आहे."

"खाल्लंस काही?"

"चहा घेतला."

"राहिला?"

"नाही."

मी ठाम आवाजात सांगितलं की काटा स्थिर व्हायला वेळ लागतो. फोन ठेवला आणि शेजारच्या रुवी भागापर्यंत उगाच चालत जाऊन आलो. झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. ताईकडे जाण्यासाठी मागितलेल्या कॅनडाच्या व्हिसाचा मेल आला का, हे तासातासाला बघत होतो. तो दोन महिने अडकला होता आणि ऑफिसात रजेचं विचारलं की "इन्शाल्ला" एवढंच ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी एका फेल झालेल्या ओव्हनवर हिरवं स्टिकर लावलं. साहेबाने ते काढून माझ्या हातात दिलं. "क्या हुआ तेरेको? जा, थोडा बैठ." मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे विजेवरच्या धूपदाणीत लोबान ठेवलेला होता. बटण खालच्या खुणेवर होतं, आणि लोबान नुसता कोमट होऊन पडला होता. वास नाही, काही नाही. मी बटण थोडं वर फिरवलं, आणि मिनिटाभरात खोली भरून गेली.

हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आकडा पद्धतीने निवडलाच नव्हता, माझ्या भीतीने निवडला होता. ताईला ठसका लागेल, काही बरंवाईट होईल, आणि आकडा माझा असेल. पद्धत मी नुसती पुढे केली होती. स्वतःची इतकी चीड मला क्वचितच आली असेल.

संध्याकाळी गाडीत बसून फोन लावला. "ताई, एकशे नव्वद कर. माझं चुकलं."

"करते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. मीठ घातलेली पेज, दोन वाट्या. पोटात राहिली होती. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "तरी नर्सला एकदा विचारून घे."

ती हसली. "नर्सने पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलंय. एकशे नव्वद."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुला व्हिसा मिळेना, रजा मिळेना. रोज फोनवर नुसता तडफडत होतास. म्हटलं, तुला काहीतरी काम द्यावं."

"आणि तीन दिवस माझ्या आकड्यावर का बसलीस? उलट्या होत होत्या ना तुला?"

"अरे, किती घाबरला होतास तू," ताई म्हणाली. "म्हटलं, आधी तू स्थिर हो."