विंगेतला ज्ञानदेव

भोसरीच्या एका वर्कशॉपात ज्ञानदेव लेथ चालवायचा आणि आमच्या कामगार नाटकमंडळीत प्रॉम्प्टिंग करायचा. रंगमंचावर तो कधी आला नाही. पहिली पाळी संपवून थेट तालमीला यायचा, बाह्यांवर तेलाचे डाग घेऊन विंगेत स्टुलावर बसायचा, संहिता मांडीवर. मी नायक. माझ्या पाठांतराचं कौतुक मी इतकं सांगत फिरलो, की तेच लोकांना पाठ झालं.

ज्ञानदेव गेला त्याला आता दोन वर्षं झाली. परवा त्याची मुलगी मैत्री घरी आली.

"काका, बाबांचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. आई सारखी विचारते. तुमच्या नाटकाची टेप होती ना?"

कॅसेट केव्हाच बुरशीने गेली होती. त्याआधी तिच्यावरून करून घेतलेली फाइल तेवढी मी चिंचवडच्या ज्या संस्थेत संभाषणाचे वर्ग घेतो, तिथल्या सर्व्हरवर माझ्या फोल्डरात होती. पण संस्थेने वर्गातल्या संगणकांवर लिनक्स बसवलं आणि सर्व्हर मात्र विंडोजचाच ठेवला. पूर्वी फोल्डर आपोआप समोर यायचा, आता दिसेना. तो पुसला गेला असं धरून मी रीतसर शोकही पाळला होता.

मैत्री हिंजवडीजवळ माणला आयटी कंपनीत आहे. ती माझ्याबरोबर संस्थेत आली.

"फोल्डर आहे तिथेच आहे, काका. या मशीनला सर्व्हरचा पत्ता सांगायचा आणि तुम्ही कोण ते सांगायचं."

"मी कोण ते सगळ्या पिंपरी-चिंचवडला ठाऊक आहे."

"सर्व्हरला नाही."

पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत तिने पत्ता, माझं नाव आणि संस्थेच्या डोमेनचं नाव टाकलं. पासवर्ड मी टाकायचा होता. टाकला, तर पडद्यावर काहीच उमटेना. दाद आली नाही की वाक्य पुन्हा, चढ्या आवाजात घ्यायचं, ही माझी जन्माची सवय. मी तोच पासवर्ड त्याच्याच पुढे पुन्हा ठोकला. सर्व्हरने नाकारलं. मी दुसऱ्यांदाही तेच केलं.

"थांबा काका. आता चुकलात तर खातं बंद होईल, आणि ते उघडणारा माणूस रजेवर आहे."

"अगं, अक्षरं दिसत नाहीत."

"दिसणारच नाहीत. एकदाच टाका, एंटर दाबा आणि हात मांडीवर."

मी निमूटपणे ऐकलं. फोल्डर उघडला. मैत्रीने फाइल लावली.

टेपरेकॉर्डर माझ्या मेहुण्याने विंगेत, ज्ञानदेवच्या स्टुलाखाली ठेवला होता. त्यामुळे आधी ज्ञानदेवचा आवाज आला, हळू, स्वच्छ, पूर्ण वाक्य. मग लांबून तेच वाक्य माझ्या आवाजात. पुढचं वाक्यही तसंच. ज्या स्वगताला टाळ्या पडल्या, ते त्याने मला घासाघासाने भरवलं होतं.

"रोज असंच?" मैत्रीने विचारलं.

"त्या दिवशी जरा ताप होता."

"तिन्ही अंक?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. तिने आईला, भिमाबाईंना, फोन लावून स्पीकरजवळ धरला.

"व्हय, ह्योच," त्या म्हणाल्या. "असाच हळू बोलायचा." पुन्हा ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मदी मदी कोण बोंबलतंय गं? त्याला काढता येतंय का बघ."

मैत्रीने माझ्याकडे पाहिलं.

"काढ," मी म्हणालो.