ओलं फडकं

वाशीमच्या बसस्टँडमागे आमचे सर कॉम्प्युटर क्लास चालवतात. कोणी अडलं की हात पाठीशी बांधून खुर्चीमागे उभे राहतात. कीबोर्डला बोट लावत नाहीत. आपण अडचण सांगत राहायची आणि ते "हं, मंग?" म्हणत राहणार. मला त्याचा राग यायचा.

त्या दिवशी तर फारच आला. माझ्या वर्गातल्या मुलांसाठी मी केलेला चित्रांचा प्रोग्राम दुपारी शाळेत दाखवायचा होता. माउस फिरवला की पडद्यावर रंगीत चौकोनी ठिपका उमटायचा, पण नवा उमटला की आधीचा गायब.

"सर, चूक तेवढी सांगा. माझी आसेगावची एसटी जाईल."

"जाईन तर जाऊ द्या. घाई काहून करून राह्यल्या?"

ते आत गेले आणि पाटी, पेन्सिल आणि ओलं करून पिळलेलं फडकं घेऊन आले. "आता तुमी पडदा व्हा. मी प्रोग्राम वाचतो, तुमी तसं करा."

"सगळा पडदा कोरा करा." मी पाटी पुसली.

"माउस आहे तिथं ठिपका द्या." मी दिला.

"आता पुन्हा पयल्यापासून. सगळा पडदा कोरा करा."

मी फडकं उचललं आणि थांबले. "सर, कोरा तर सुरुवातीला एकदाच करायचा ना?"

"हं, मंग?"

प्रोग्राममधली ती एक ओळ मी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातून काढून वर सुरुवातीला नेली. ठिपके टिकले.

चूक माझी मीच शोधली, असं मी दुपारी शाळेत मुलांना ऐटीत सांगितलं. परतीच्या एसटीत एकदम लक्षात आलं आणि मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. प्रोग्रामची एक ओळही वाचून दाखवायच्या आधी ते फडकं ओलं करून घेऊन आले होते.